जोन्स हे आडनाव इतक्या ठिकाणी का भेटते? हे सारे जोन्स एकाच घराण्यातले आहेत का?

आपण विचारले आहे की, संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स, खासी भाषेला लिपी देणारे टॉमस जोन्स, गायक टॉम जोन्स आणि शेअर बाजाराच्या बातम्यांत रोज ऐकू येणारा डाऊ जोन्स यांचे एकमेकांशी काही नाते आहे का. नाते नाही. मी अनेक वर्षे ग्रंथालयात सूचीकरणाचे काम केले आहे आणि ‘जोन्स’ या शीर्षकाखालील नोंदी लावताना हा प्रश्न मलाही पुन्हापुन्हा पडत असे. केवळ ‘जोन्स, विल्यम’ एवढे लिहून तिथे काहीच भागत नाही. जन्ममृत्यूची साले नोंदवली नाहीत तर बापाचे पुस्तक मुलाच्या नावावर जाते. हे असे का होते, याचे उत्तर वेल्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडील प्रदेशाच्या, इतिहासात आहे; तिथली माणसे आणि भाषा यांनाच वेल्श म्हणतात.

‘जोन्स’ म्हणजे ‘जॉनचा’, अर्थात जॉनचा मुलगा. शेवटचा ‘स’ हा इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय आहे. म्हणजे शब्दाची घडण इंग्रजी आहे, पण तो धारण करणारी माणसे मोठ्या संख्येने वेल्श आहेत. वेल्शच्या परंपरागत वर्णमालेत अठ्ठावीस अक्षरे होती आणि त्यांत इंग्रजीतल्या ‘जे’ला स्थान नव्हते, ते अक्षर फार उशिरा स्वीकारले गेले. जॉन या नावाची वेल्श रूपे येयान, योआन आणि शॉन अशी आहेत. त्यामुळे वेल्समध्ये आज सर्वाधिक आढळणारे आडनाव, साधारण वीस माणसांमागे एकाचे, हे वेल्श भाषेच्या जुन्या वर्णमालेत लिहिताच येत नव्हते. ते बाहेरच्या लेखणीने लिहिले गेले, आणि पुढचा सारा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

त्याआधीची पद्धत मराठी माणसाला चटकन समजेल, कारण आपणही स्वतःच्या नावानंतर वडिलांचे नाव लावतो. वेल्श माणूस स्वतःचे नाव, मग ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’, आणि मग वडिलांचे नाव सांगत असे. मुलीच्या नावात ‘आप’च्या जागी ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द येई. चौदाव्या शतकातील थोर कवी दाविद आप ग्विलिम याचे नाव असेच आहे. फरक इतकाच की, आपल्याप्रमाणे त्यापुढे आडनाव नव्हते, त्यामुळे नावाचा दुसरा भाग दर पिढीत बदलत असे. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे मागे मागे जात ही साखळी हवी तितकी लांबवता येई, आणि ती लांबवण्यामागे व्यवहार होता. जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचा वाटा आणि खुनाची भरपाई या दोन्ही गोष्टी कुळावर ठरत, म्हणून आपली वंशावळ तोंडपाठ असणे ही माणसाची गरज होती.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाले. या कायद्यांनी आडनाव सक्तीचे केले असे अनेकदा लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. त्यांनी इंग्रजी कायदा आणि इंग्रजी भाषेतील न्यायालये आणली, आणि त्या कचेऱ्यांच्या नोंदवह्यांना स्थिर आडनाव हवे होते. वेल्सच्या सीमाभागाचे प्रमुख असलेले बिशप रोलंड ली यांच्याबद्दल एक कथा सांगतात. पंचांची नावे पुकारताना प्रत्येकाच्या नावात आलेली ‘आप’ची लांबलचक रांग ऐकून ते कंटाळले आणि प्रत्येकाने शेवटचे नाव किंवा गावाचे नाव तेवढे ठेवावे, असे त्यांनी फर्मावले, टॉमस नावाच्या एका जमीनदाराने त्यानंतर आपल्या वाड्यावरून ‘मॉस्टिन’ हे नाव घेतले. कथेचा तपशील कितपत खरा, हे बाजूला ठेवले तरी लेखनिक आणि पक्षकार यांच्यात त्या काळी प्रत्यक्ष काय घडत असेल, ते तिच्यातून नेमके कळते.

आडनावे पक्की झाली ती दोन वाटांनी. काही ठिकाणी ‘आप’ पुढच्या नावाला चिकटला: आप रीसचा प्राइस झाला, आप हॉवेलचा पॉवेल, आप हॅरीचा पॅरी, आब (‘आप’चेच दुसरे रूप) ओवेनचा बोवेन. इतर ठिकाणी इंग्रजी वळणाने ‘स’ लागला आणि जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, रॉबर्ट्स, ह्यूज ही आडनावे तयार झाली. येयानचे इव्हान असेही रूप झाले होते, म्हणून इव्हान्स आणि बेव्हन ही दोन्ही आडनावेसुद्धा अर्थाने जोन्सच आहेत. वरच्या वर्गातील घराण्यांनी हा बदल लवकर स्वीकारला. खेड्यांत मात्र वडिलांचे नाव लावण्याची रीत अठराव्या शतकापर्यंत, आणि काही भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. तोवर बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायची नावे फार थोडी उरली होती, आणि त्यांत जॉन सर्वांत पुढे होते. साखळी ज्या पिढीत थांबली, त्या पिढीतल्या बापाचे नाव कायमचे आडनाव झाले. शेजारशेजारच्या दोन घरांतल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन जॉनांची मुले म्हणूनच सारखीच जोन्स झाली.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण गणितात सापडते. वेल्समधील अँगलसी बेटावर १६७५ मध्ये एका लहान शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. बापाचे नाव शॉन शोर, म्हणजे जॉन जॉर्ज. जुन्या रीतीप्रमाणे मुलगा ‘शॉनचा’ झाला, आणि इंग्रजीत विल्यम जोन्स. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे ग्रीक अक्षर १७०६ मध्ये छापील पुस्तकात प्रथम वापरले ते यांनीच. त्यांचे आडनाव त्यांच्यापासूनच सुरू झाले होते. पुढच्या पिढीत ते बदलले नाही, म्हणून त्यांचा मुलगाही विल्यम जोन्स झाला. आपण विचारलेले सर विल्यम जोन्स ते हेच. जुन्या रीतीने ते ‘विल्यम आप विल्यम’ झाले असते, आणि इंग्रजी वळणाने विल्यम विल्यम्स.

ते १७४६ मध्ये लंडनला जन्मले आणि तीन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. त्यांनी काही वर्षे वेल्समधील न्यायालयांत वकिली केली, १७८३ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते भारतात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कोणत्या तरी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे विधान त्यांनी १७८६ च्या भाषणात केले, आणि १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जगातल्या सगळ्या भाषा जाणणारा, पण स्वतःची वेल्श न जाणणारा माणूस, अशी त्यांची ओळख फ्रान्सच्या राजाला करून देण्यात आली होती, असे सांगितले जाते. शब्दांची कुळे शोधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आडनावाचे कूळ अवघे दोन पिढ्यांचे होते, या गोष्टीचे मला अजूनही नवल वाटते.

टॉमस जोन्स यांचा या घराशी काहीही संबंध नाही. ते १८१० मध्ये मध्य वेल्समधील माँटगोमेरीशायर येथे जन्मले, सुतारकाम शिकले आणि १८४१ च्या जूनमध्ये वेल्श मिशनरी म्हणून चेरापुंजीला पोहोचले. खासी भाषा बंगाली लिपीत लिहिण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले होते. त्यांनी रोमन अक्षरे घेतली आणि त्यांना वेल्श लेखनाचे वळण दिले. खासी वर्णमालेत ‘ग’ नंतर लगेच अनुनासिक ‘ङ’चे जोडाक्षर येते, ते वेल्श वर्णमालेच्या क्रमानेच. वेल्शमध्ये परकीय असलेले ‘जे’ हे अक्षर मात्र खासीला लागते, म्हणून ते त्या वर्णमालेत आहे. पुढे मिशनशी आणि तिथल्या बलाढ्य इंग्रज व्यापाऱ्याशी त्यांचा संघर्ष झाला, त्यांना डोंगर सोडावा लागला आणि १८४९ मध्ये कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला. सर विल्यमही १७९४ मध्ये कलकत्त्यातच वारले होते. एकाच शहरात पुरलेले हे दोन भाषाप्रेमी जोन्स पाहिले की वाचकाला नात्याचा संशय येणे अगदी स्वाभाविक आहे, पण त्यांना जोडणारी गोष्ट इतकीच की, दोघांच्याही पूर्वजांत कधीतरी एक जॉन होता.

आडनावाने ओळख पटत नसेल तर लोक दुसरी सोय करतात, आणि मला या विषयातला हा भाग सर्वांत जिवंत वाटतो. इंग्लंड-वेल्सच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याच्या प्रमुखांनी १८५३ च्या अहवालातच लिहून ठेवले होते की, वेल्समध्ये जॉन जोन्स हे नाव म्हणजे कायमचा अज्ञातवास आहे; भर बाजारात ते पुकारले तरी कोणा एकाचा बोध होणार नाही. गावात यावर उपाय होता तो धंद्याचा: दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स, टपालवाला जोन्स. शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावाने हाक मारीत. कवी टोपणनाव घेत. जॉन जोन्स नावाचा एक कवी आणि वास्तुविशारद आपल्या गावाच्या नावावरून ‘तालहायर्न’ या नावाने प्रसिद्ध झाला, तर ओवेन जोन्स या लंडनमधील चामड्याच्या व्यापाऱ्याला, ज्याने प्राचीन वेल्श साहित्य स्वखर्चाने छापून वाचवले, वेल्श वाचक ‘ओवाइन मविर’ म्हणून ओळखतात.

दक्षिण अमेरिकेतही हेच दिसते. १८६५ मध्ये सुमारे दीडशे वेल्श माणसे ‘मिमोसा’ जहाजातून लिव्हरपूलहून पातागोनियाला गेली. या वसाहतीची कल्पना मायकेल डी. जोन्स यांची, आणि तिथे आघाडीवर राहून काम करणारे लुईस जोन्स. पुढे त्या प्रदेशातील एका शहराला लुईस यांचे नाव दिले गेले, ते ‘त्रेलेव’: ‘त्रे’ म्हणजे गाव आणि ‘लेव’ म्हणजे लुईस. शहराला जोन्सपूर म्हटले असते तर कोणत्या जोन्सचे, हा प्रश्न उरलाच असता.

ब्रिटिश सैन्यात क्रमांक कामी आला. दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट येथे जानेवारी १८७९ मध्ये जी लढाई झाली, तिच्यासाठी अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांत दोन शिपाई जोन्स होते, एक रॉबर्ट आणि एक विल्यम, आणि त्यांची नावे आजही ७१६ जोन्स आणि ५९३ जोन्स अशी क्रमांकासह घेतली जातात. रॉबर्ट वेल्सच्या सीमेलगतच्या मनमथशायरचा, विल्यम इंग्लंडचा. म्हणजे तेही एकमेकांचे कोणी नव्हते.

आता उरलेल्या दोघांविषयी. गायक टॉम जोन्स यांचे जन्मनाव टॉमस वुडवर्ड. ते पाँटिप्रिथजवळच्या खाणकामगाराचे चिरंजीव आणि अस्सल वेल्श, पण जोन्स हे नाव त्यांना रंगमंचासाठी मिळाले. त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव मात्र खरोखरच जोन्स होते. याच्या नेमके उलट लंडनच्या डेव्हिड जोन्स या गायकाने केले. त्याच नावाचा दुसरा गायक आधीच प्रसिद्ध झाल्यामुळे त्याने आडनाव बदलले आणि तो डेव्हिड बोवी झाला. डाऊ जोन्समधील जोन्स म्हणजे एडवर्ड जोन्स हे अमेरिकन पत्रकार, ज्यांनी १८८२ मध्ये चार्ल्स डाऊ आणि आणखी एका सहकाऱ्यासह न्यूयॉर्कमध्ये वृत्तसंस्था काढली. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत हे आडनाव पाचव्या क्रमांकावर होते आणि ते लावणाऱ्यांत आफ्रिकन-अमेरिकन लोकांचे प्रमाण मोठे आहे. गुलामगिरीच्या काळात आणि तिच्या अंतानंतर अनेक कुटुंबांकडे ते आले, त्यामुळे केवळ आडनाव पाहून वेल्श वंशाचा तर्क करू नये.

आपण क्रिकेट पाहत असाल तर आणखी दोन नावे सांगतो. वेल्सच्या ग्लॅमॉर्गन संघाचा वेगवान गोलंदाज जेफ जोन्स याने पहिली कसोटी १९६४ च्या जानेवारीत मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर खेळली. त्याच संघाचा सलामीचा फलंदाज अ‍ॅलन जोन्स याने प्रथम श्रेणीत ३६,००० हून अधिक धावा केल्या. १९७० मध्ये लॉर्ड्सवर शेष विश्व संघाविरुद्ध तो इंग्लंडकडून एकच सामना खेळला, आणि पुढे त्या मालिकेचा कसोटी दर्जाच काढून घेण्यात आला. पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला इंग्लंडची टोपी दिली आणि तिच्यासोबत त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कोणत्याही जोन्सचा नसलेला क्रमांक दिला: ६९६.