आधी ज्याची शेळी गेली त्याच्या ओट्यावर बस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि मार्च संपायच्या आत कोणीतरी मेलेल्या शेळीत विष घालून दरीतली लांडग्याची जोडी संपवली. आता लोकांना पुन्हा समजावून सांगायचे, की दरीला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून वनखात्याकडे जायचे, असे तू विचारले आहेस. लांडगा राहिला पाहिजे यावर आपल्या दोघांत वाद नाही, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. परंतु एवढ्या लांबलचक पत्रात ती मेलेली शेळी कोणाची होती, हे तू कुठेही लिहिलेले नाहीस. कॅमेऱ्यात लांडगा किती वाजता आला हे आहे, माळावरच्या पवना आणि कुसळी या गवतांची नोंद आहे, शेळीच्या मालकाचे नाव मात्र नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे की ज्याची शेळी गेली त्याच्या ओट्यावर आधी बस, बाकीचे नंतर बघू.

त्या ओट्यावर काय चालते ते तुला ठाऊक असायला हवे, कारण तुझे आजोबाही मेंढरेच राखत होते. सकाळी शेळी मेलेली सापडते. 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत ती जागची हलवायची नाही, असा नियम असल्यामुळे मार्चच्या उन्हात म्हातारी हातात काठी घेऊन कुत्री आणि कावळे हाकलत बसते. वनरक्षक येतो, पशुवैद्यकीय अधिकारी दुसऱ्या गावी असतात, पंच जमवावे लागतात. सारे जुळून आले तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. तीही तालुक्याला हेलपाटे घातल्यावर. आणि हे झाले शेळी जागेवर सापडली तर. वाघुरीतून, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीतून, कोकरू उचलले गेले की मागे फाटलेले जाळे आणि रक्ताचे दोन ठिपके उरतात; नुकसानीचा पुरावाच लांडग्याने सोबत नेलेला असतो आणि पुराव्याशिवाय पंचनामा कशाचा करणार? विष घालणाऱ्याचे मी समर्थन करत नाही. पण विषाची पुडी दुकानात लगेच मिळते आणि भरपाईचा धनादेश मिळत नाही, हे गणित त्याने केले आणि तू केले नाहीस.

आता तुझ्या ठरावाविषयी. रागावू नकोस, पण 26 जानेवारीला आपल्या बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात गावात असते कोण? दसरा झाला की मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, अडकलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गावात उरतात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि त्यांच्या हवाली केलेल्या शेळ्या. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यावर गणपूर्ती होते. म्हणजे ज्यांच्याकडे शेळ्याच नाहीत, विहीर बागायती आहे आणि पारावर बसायला वेळ आहे, अशा शंभरांनी डोंगर बंद केला आणि डोंगरावर जगणारे तेव्हा उसाच्या फडात मोळ्या बांधत होते. वनहक्काच्या नियमांत 2012 च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हजर असावेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी अट आहे. ती उगाच घातलेली नाही. तुझ्या ठरावाला ती लागू नव्हती हे मला कळते. पण तू ती स्वतःहून पाळायला कोणाची हरकत होती?

तू खोनोमाचा दाखला दिला आहेस. नागालँडमधल्या त्या गावाने 1998 मध्ये शिकार बंद करून ट्रॅगोपान पक्ष्यासाठी आपला डोंगर राखला, हे खरे. परंतु तिथली जमीनच गावाची आहे आणि राज्यघटनेच्या कलम 371-क ने त्या मालकीच्या रूढींना संरक्षण दिलेले आहे. आपल्या बालाघाटाच्या रांगेत डोंगर वनखात्याचा, गायरान सरकारचे आणि माणसाच्या हाती फक्त चारणीची वहिवाट. तीच तू ठरावाने काढून घेतलीस. नमुनाच हवा असेल तर हिमाचलातल्या स्पितीमधल्या किब्बर गावाचा घे. तिथे 2002 पासून हिमबिबट्याने मारलेल्या जनावरांसाठी विमा चालतो, त्याचा हप्ता गावकरी भरतात आणि दावा खरा की खोटा हे गावाचीच समिती ठरवते. म्हणजे तिथेही लोक आधी जनावर गेलेल्याच्याच दारात बसले.

कायद्याचे म्हणशील तर 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेले समुदाय राखीव क्षेत्र हे खाजगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी आहे. तुझ्या दरीला लागू होईल ते संवर्धन राखीव क्षेत्र, आणि त्यासाठीही आसपासच्या लोकांशी सल्लामसलत करावीच लागते. नायगावचे मयूर अभयारण्य 1994 पासून आपल्या पाटोदा तालुक्यातच आहे. तिथल्या शिवेवरच्या शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत मोरांविषयी विचारून ये, मग पुढचे बोलू.

माझ्या या हट्टापायी आमच्याकडची पलीकडची टेकडी गेली, असे माझे जुने सहकारी अजूनही सुनावतात. मेंढपाळांचे वाडे, म्हणजे तळ देऊन राहणारी कुटुंबे, आमच्याबरोबर बसायला तयार होईपर्यंत मी अर्जावर सही करू दिली नाही, तेवढ्यात तिथे खडीचा क्रशर आला आणि ज्या कड्यात तरसांची बिळे होती तो कडा आता नाही. त्याची हळहळ मला आजही वाटते, रात्री सुरुंगाचा आवाज आला की जास्तच वाटते. तरीही आज मी तेच करीन. कागदावर राखलेली टेकडी पहिल्या उन्हाळ्यात कोणीतरी रागाने पेटवली असती. क्रशरच्या विरोधात ग्रामसभेत हात वर करणारे तेच मेंढपाळ होते, संख्येने कमी पडले एवढेच, आणि उरलेल्या डोंगरावर वणवा दिसला तर कोणाला फोन न करता हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपायला आधी तेच धावतात. माझे घाईचे मित्र म्हणतात की हे सारे तू स्वतःच्या समाधानासाठी सांगतोस. सांगत असेन.

शिवाय भीतीचाही विचार कर. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली आणि डिसेंबरात तो करमाळा तालुक्यात गोळी घालून मारला गेला; त्या दिवसांत तुरीच्या रानात एकटी बाई जात नव्हती. ते गावे विसरलेली नाहीत. त्यांच्यापुढे तू लांडग्याची चित्रफीत लावतेस आणि टाळ्यांची अपेक्षा करतेस!

आता फड आटोपून टोळ्या परतल्या आहेत. 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत नवा ठराव लिहू नकोस; उलट जुना ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा, असे सरपंचांना तूच सुचव. तोवर वाडी-वाडीने फीर आणि गेल्या दोन वर्षांत कोणाची किती जनावरे गेली, पंचनामा झाला का, पैसे मिळाले का, याची यादी कर. पंचनाम्याविना राहिलेल्या कोकरांचा रकाना वेगळा ठेव, कारण गावाचा विमा निघाला तर तो त्या रकान्यासाठीच निघेल. चराईबंदी कुठे आणि किती महिने हे त्यांनाच ठरवू दे; पावसाळ्यात गवत बियांवर येईपर्यंत एक पट्टा सोडायला मेंढपाळ बहुधा कबूल होतात, कारण पुढच्या उन्हाळ्याचा चारा त्यांनाच लागतो. सीताफळाच्या हंगामात डोंगरावर जाणाऱ्या बायकांना वेगळे विचार, पुरुषांच्या बैठकीत त्या बोलत नाहीत. विष कोणी घातले ते शोधत बसू नकोस. त्याच्याही ओट्यावर तू बसणारच आहेस, फक्त तुला ते माहीत नसेल.

यादी झाली की मला पाठव. विम्याच्या हप्त्याचा हिशेब आपण दोघे मिळून मांडू. वनखात्याच्या अर्जाचा मसुदा मात्र यादीआधी पाठवलास तर मी तो उघडूनही पाहणार नाही.

तुझा,
काका