बोफोर्सला ‘उखळी तोफ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकात बोफोर्स मांडून ठेवली आहे. तिच्याबद्दल मराठीत लिहिताना कुणी ‘तोफ’ लिहितं, कुणी ‘हॉवित्झर’, तर कुणी ‘उखळी तोफ’. यातलं बरोबर कोणतं?

पहिले दोन्ही शब्द चालतील, तिसरा नको.

उखळी तोफ म्हणजे मॉर्टर. आखूड नळी, खाली बैठक. गोळा नळीच्या तोंडातून आत सोडायचा, तो उंच जातो आणि जवळजवळ सरळ खाली कोसळतो. नियंत्रण रेषेवरच्या बातम्यांत ‘उखळी तोफांचा मारा’ असतो तो हाच. ८१ मिमीची मॉर्टर सुटी करून जवान पाठीवरून डोंगरावर नेतात. बोफोर्सचं वजन बारा टनांच्या घरात, तिला ओढायला दणकट ट्रक लागतो. दोघींना एकच नाव दिलं, तर बातमी वाचणाऱ्याला नेमकं काय डागलं गेलं ते कळणारच नाही.

हॉवित्झर ही उखळी तोफ आणि सरळ मारा करणारी लांब नळीची तोफ यांच्या मधली जात. बोफोर्सची नळी जवळपास आडवी धरता येते, तशीच ७० अंशांपर्यंत उचलताही येते. १९९९ मध्ये दोन्ही गोष्टी कामी आल्या. शत्रू कड्याआड असेल तर गोळा कड्यावरून पलीकडे उतरवायचा, आणि टायगर हिलसारखं समोर दिसणारं शिखर असेल तर थेट नेम धरायचा. तिच्या स्वीडिश नावातच ‘हाउबिट्स’ आहे, म्हणजे हॉवित्झर. हा शब्द मुळात चेक भाषेतला. पंधराव्या शतकात हुसाइट या चेक धर्मसुधारक पंथाच्या लढायांत ‘हौफ्नित्से’ नावाची तोफ होती. ‘हौफ’ म्हणजे जमाव, त्याच्यावर डागायची ती. तिथून तो जर्मनमध्ये गेला आणि पुढे युरोपभर पसरला.

मराठीत जुना पर्याय हवाच असेल तर ‘गरनाळ’ आहे. आखूड, रुंद तोंडाची, कुलपी गोळे फेकणारी तोफ. (आत दारू भरून फुटणाऱ्या गोळ्याला ‘कुलपी गोळा’ म्हणत, हा शब्द मला फार आवडतो.) पण १५५ मिमीच्या बोफोर्सला आज गरनाळ म्हणणं म्हणजे हौस झाली, वापर नव्हे.

जाता जाता बोफोर्सच्या वर्णनात येणाऱ्या ‘१५५/३९’ या आकड्यांबद्दल. हा अपूर्णांक नाही, आणि ३९ म्हणजे पल्लाही नाही. १५५ मिमी हा नळीचा आतला व्यास आणि नळीची लांबी त्याच्या ३९ पट. गुणाकार केला की सहा मीटरांच्या जरा वर जातो. पल्ला वेगळा, साध्या गोळ्यानं साधारण २४ किलोमीटर. कारगिलच्या विरळ हवेत तो आणखी वाढला.

आता क्रियापद. ‘डागणे’ म्हणजे मुळात चटका देणे. जुन्या तोफेच्या कानाशी, म्हणजे मागच्या बारीक भोकाशी, पेटती बत्ती लावायची, म्हणून तोफ ‘डागली’. बोफोर्सला कान नाही, बत्तीही नाही, तरी ती डागलीच जाते. ‘फायर केली’ लिहायची काहीएक गरज नाही. तोफ चालवणाऱ्याला मात्र ‘गोलंदाज’ म्हणायची सोय उरली नाही. शब्द तोफखान्यातलाच, पण क्रिकेटनं तो पळवला. तिथे ‘तोपची’ लिहा. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रातून निघालेला जवान स्वतःला ‘गनर’ म्हणवतो, तेही मराठीत खपून जातं.

लिंगाचा घोळ नको: तोफ स्त्रीलिंगी, म्हणून हॉवित्झरही ‘ती’ आणि बोफोर्सही ‘ती’. १९८६च्या करारातल्या ‘४१० बोफोर्स तोफा’ लिहा. ‘बोफोर्से’ असं अनेकवचन मी एका ठिकाणी वाचलंय, ते कृपा करून करू नका.