वाचकांचे प्रश्न : निकाल लागेपर्यंत घरात काय बोलावे?

प्रश्न : माझ्या पतींवर नोकरीच्या ठिकाणच्या पैशांच्या अपहाराचा खटला सुरू आहे आणि ज्युरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) विचारविनिमयासाठी आत गेल्याला आज तिसरा दिवस आहे. सुनावणीच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारी वकिलांनी एक कागद वाचून दाखवला, तेव्हा मला प्रथमच कळले की ह्यांच्या एकट्याच्या नावावर असलेले आमचे राहते घर चार वर्षांपूर्वीच गहाण पडले आहे. मी वळून पाहिले, तर सासूबाई मान खाली घालून हातातल्या रुमालाची पुन्हा पुन्हा घडी घालत होत्या. त्यांना ते आधीपासून ठाऊक होते. “तुला त्रास नको म्हणून बोललो नाही,” एवढेच दोघेही सांगतात. आता आम्ही दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसतो. ध्वनिक्षेपक खरखरला की एकदम उठतो, दुसऱ्याच खटल्याचे नाव ऐकून पुन्हा बसतो, आणि दिवसभरात एकमेकींशी दहा वाक्येही बोलत नाही. पती जामिनावर असल्याने रोज रात्री घरी येतात. चौदा वर्षांचा मुलगा रोज विचारतो, “आज निकाल आहे का?” ज्युरीला इतका वेळ लागणे चांगले की वाईट? आणि ह्यांना जे विचारायचे आहे ते निकालानंतरच विचारायचे, असे मी ठरवले आहे, ते बरोबर आहे का?

उत्तर : आधी वेळेविषयी लिहितो, कारण सध्या तुमचे सारे लक्ष त्या बंद दाराकडे लागलेले असणार. लागलेल्या वेळेवरून निकाल ताडण्याचा उद्योग मुरलेले वकीलही करतात आणि तेही सपशेल चुकतात. अमेरिकेतले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांच्यावरील खुनाच्या खटल्याची सुनावणी आठ महिन्यांहून अधिक चालली आणि १९९५ च्या ऑक्टोबरात ज्युरीने चार तासही न घेता त्यांना निर्दोष ठरवले. उलट आर्थिक गुन्ह्यांत कागदांचे गठ्ठे मोठे असतात, आरोपही बहुधा एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, त्यामुळे तीन दिवसांत काही विशेष दडलेले आहे असे मानू नये. तुम्ही कोणत्या देशात आहात हे लिहिलेले नाही, आणि नियम देशागणिक बदलतात. इंग्लंडमध्ये बारा जणांनी आधी एकमताचा प्रयत्न करायचा असतो; किमान २ तास उलटल्यानंतर, आणि न्यायाधीशांना योग्य वाटले तरच, ११ विरुद्ध १ किंवा १० विरुद्ध २ असा बहुमताचा निकाल चालतो. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरवायचे तर सर्व राज्यांत एकमतच हवे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मध्येच ज्युरीची एखादी चिठ्ठी न्यायाधीशांकडे येईल, सगळ्यांना आत बोलावले जाईल आणि कळेल की त्यांना फक्त एखादी साक्ष पुन्हा समजून घ्यायची होती. अशा चिठ्ठीतून अर्थ काढत बसलात, तर रात्रीची झोप जाईल आणि हाती काहीच लागणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. फौजदारी खटल्यात ज्युरी सहसा ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच सांगते, कारणे देत नाही. ‘निर्दोष’ म्हणजे सरकार पक्षाला आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करता आला नाही. तुमच्याशी चार वर्षे खोटे का बोलले गेले, हा प्रश्न त्या बारा जणांसमोर कधी नव्हताच. पती सुटले तर सुटकेच्या आनंदात तो प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटेल, आणि शिक्षा झाली तर क्रूरपणाचे. म्हणजे निकालानंतर विचारण्याची वेळ कधी येणारच नाही, अशी मला धास्ती वाटते.

शिवाय एक व्यवहाराची बाब आहे, जी सांगायला कोणी धजावत नाही. शिक्षा किती हे बहुतेक ठिकाणी न्यायाधीश नंतर ठरवतात, परंतु दोषी ठरलेल्या माणसाला त्याच दिवशी कोर्टातूनच कोठडीत नेले जाऊ शकते. म्हणून कर्जाचा हप्ता कधी भरायचा, किती महिने थकले आहेत, घराची कागदपत्रे कुठे आहेत आणि गहाणाखेरीज आणखी काही देणे आहे का, हे आज रात्रीच विचारा आणि वहीत लिहून घ्या. मात्र खटल्यातल्या पुराव्यांची, म्हणजे पैसे कोणी घेतले आणि का घेतले याची, चर्चा आधी वकिलांना विचारल्याशिवाय करू नका. आरोपीने वकिलाशी केलेले बोलणे गोपनीय राहते. पती-पत्नीमधल्या संभाषणाला किती संरक्षण आहे हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि आईशी केलेल्या बोलण्याला ते सहसा मिळतच नाही.

आता “तुला त्रास नको म्हणून” या वाक्याविषयी. या वाक्यावर माझा विश्वास नाही. गहाणाचा त्रास तुमच्या वाट्याला येणारच होता, चुकला तो फक्त सांगणाऱ्याचा संकोच. अशा लपवाछपवीने होणारे नुकसान पैशांपुरते राहत नाही, कारण सत्य कळल्यावर माणूस मागची वर्षे नव्याने तपासू लागतो. टपाल नेहमी तेच का काढत, बँकेचा फोन आला की गॅलरीत का जात, घराची डागडुजी दर वर्षी पुढे का ढकलली जाई, अशा क्षुल्लक गोष्टी आता तुमच्या डोळ्यांपुढे येत असतील आणि त्यांतली एकही पूर्वीसारखी दिसत नसेल. चार वर्षे आपण एका घरात राहिलो आणि बाकीचे दुसऱ्याच घरात, असे वाटणे ही तुमची अतिसंवेदनशीलता नव्हे.

सासूबाईंना मात्र मी पतींच्या पंक्तीला बसवणार नाही. त्यांनी गप्प राहायला नको होते, हे खरेच. पण गुपित तयार करणारा आणि ते ज्याच्या गळ्यात पडले तो, यांत फरक असतो. मुलाने शपथ घातली की आईचे तोंड बांधले जाते, आणि मग सुनेशी रोजचे साधे बोलतानाही तिला जपूनच शब्द वापरावे लागतात. त्या बाकावर बसल्या बसल्या “तुम्हाला हे केव्हा कळले?” एवढेच विचारून पाहा. ‘का’ विचारले की माणूस सफाई देऊ लागतो. ‘केव्हा’ विचारले की तो आठवू लागतो.

मुलाला सांगावे की आज निकाल लागेल की नाही हे न्यायाधीशांनाही ठाऊक नसते, पण लागला की सर्वांत आधी आईकडूनच कळेल. गहाणाची गोष्टही त्याला सांगा. ती खुल्या न्यायालयात वाचली गेली आहे, तेव्हा शाळेत कोणीतरी त्याच्या आधी ती ऐकण्याचा संभव आहे.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते आणि अलीकडेच एका खटल्यात ज्युरीवर होते. आत काय बोलणे झाले हे कोणालाही सांगायचे नाही, अशी सक्त ताकीद आम्हाला होती. यजमान रोज खोदून विचारतात आणि “तू माझ्यापासून लपवतेस” म्हणून रुसतात. मी काय करावे?

उत्तर : इंग्लंडमध्ये ज्युरीच्या खोलीतील मते, युक्तिवाद आणि मतदान उघड करणे हा गुन्हा आहे आणि खटला संपल्यावरही ते बंधन सुटत नाही. अमेरिकेत निकालानंतर ज्युरर बहुधा बोलू शकतात, त्यामुळे दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती पाहून यजमानांचा गैरसमज झाला असावा. वरच्या पत्रातल्या गुपिताशी तुमच्या मौनाची तुलना होत नाही, कारण इथे काहीतरी सांगता येत नाही हे, आणि त्याचे कारणही, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खुल्या न्यायालयात जे झाले ते तुम्ही बोलू शकता. त्या आठवड्यांनंतर झोप लागत नाही, एखाद्या साक्षीदाराचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, हेही सांगू शकता. माझा तर्क असा, की यजमानांना मतांची मोजणी नकोच आहे. तुम्ही घरी आल्यावर इतक्या गप्प का असता, हे त्यांना हवे आहे.