नखाने कळतं, मग यंत्र कशाला?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, कोपरखैरण्यात राहतो. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात मक्याची कणसं विकतात. कणीस कोवळं की जून, हे यंत्राने मोजतात असं वाचलं. त्यात करिअर होईल का? बाबा हसतात, म्हणतात, नख लावलं की कळतं, त्याला कॉलेज कशाला!

उत्तर : बाबांचं नख एकदा जवळून बघ. साल फुटायला किती जोर लागला, हे त्यांना आधी कळतं. मग दुधासारखा चीक उडाला की पिठूळ गर आला, हे दिसतं. यंत्रंही याच दोन गोष्टी बघतात. टेक्श्चर अ‍ॅनालायझर दाण्यात बारीक दांडी खुपसतो आणि लागलेला जोर न्यूटनमध्ये सांगतो. वाटलेल्या दाण्यांचा दाटपणा व्हिस्कोमीटरवर मोजतात. पदार्थ कसा वाहतो, कसा दबतो, हे बघणाऱ्या शास्त्राला रिऑलॉजी म्हणतात. कणीस जून होतं तसं पाणी घटतं, साखरेचा स्टार्च होतो, साल निबर होते. साधा स्वीट कॉर्न दाण्यात साधारण ७२ ते ७६ टक्के पाणी असताना काढलेला बरा. सुपरस्वीट वाणांत मात्र चीक मुळातच पातळ, तिथे नख फसू शकतं. (हे बाबांना जेवताना सांगू नकोस.) शिवाय नख करारात लिहिता येत नाही. फ्रोझन कॉर्नवाल्याला माल ठरवताना आकडा लागतो.

आता खरं सांगतो, नुसता मका मोजायची नोकरी क्वचितच असते. पण हेच काम दही, जॅम, ब्रेडचं पीठ, अगदी टूथपेस्टलाही लागतं. सुरुवात बहुधा क्वालिटी कंट्रोलच्या शिफ्टने होते, डोक्यावर जाळीची टोपी घालून.

शिक्षण म्हणशील तर माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनिअरिंगचं बीटेक आहे, तिथे सीईटी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फूड टेक्नॉलॉजी कॉलेजही चांगलं. हरियाणातल्या कुंडली आणि तमिळनाडूतल्या तंजावरच्या निफ्टेम या केंद्राच्या फूड टेक्नॉलॉजी संस्थांना जेईई मेन. फूड टेक म्हणजे स्वयंपाक असं समजून आलेली मुलं पहिल्याच सेमिस्टरला गणित बघून दचकतात. तुझं फिजिक्स कसं आहे, ते पत्रात लिहिलेलं नाहीस.

येत्या रविवारी एक कर. वेगवेगळ्या वयाची तीन कणसं आण. बाबांना नखाने क्रम लावायला सांग, चिठ्ठीवर लिहून घे. मग प्रत्येकाचे सारख्याच वजनाचे दाणे सारखंच पाणी घालून मिक्सरमधून काढ, तिरप्या ताटात चमचाभर ओत आणि तीस सेकंदांत किती धावतं ते पट्टीने मोज. चिठ्ठी आणि पट्टी जुळली नाही, तर मला जरूर लिही.