'कर्नल' कुठला?

प्रश्न असा: लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अडकून पडली की पडद्यावर 'कर्नल पॅनिक' येतं, त्यातला कर्नल लष्करातलाच का? आणि मराठीत काय म्हणावं?

लष्कराशी काडीचा संबंध नाही. 'कर्नल म्हणजे संगणकाचा सेनापती' हे वर्गावर्गांतून शिकवणं कृपा करून थांबवा. लष्करी कर्नल इटालियन 'कोलोनेल्लो'वरून आला, म्हणजे सैन्याच्या 'कोलोन्ना'चा, स्तंभाचा, नायक. फ्रेंचांनी त्यातल्या पहिल्या 'ल'चा 'र' केला. पुढे इंग्रजांनी लिहायला 'ल' घेतला आणि बोलायला 'र' ठेवला, म्हणून दोघांचा उच्चार जुळला, इतकंच.

आपला कर्नल म्हणजे दाणा. 'कॉर्न' म्हणजे धान्य, त्याचं लघुरूप जुन्या इंग्रजीत 'किर्नेल': बारका दाणा, कवचातला गर. संगणकात आतला गर म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा मुख्य प्रोग्राम, कर्नल; बाहेरचं कवच म्हणजे शेल. आपण टाइप केलेल्या आज्ञा शेल घेतो, पण डिस्कवरचं एक अक्षरही त्याला स्वतः वाचता येत नाही. सिस्टिम कॉल, म्हणजे ठरल्या पद्धतीची विनंती, करून कर्नलकडे मागावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरवर कर्नल रिंग 0 मध्ये, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या पातळीवर, चालतो, शेल आणि ब्राउझर मर्यादित अधिकाराच्या रिंग 3 मध्ये. शेल हाही ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग, तेव्हा कर्नल म्हणजेच अख्खी सिस्टिम, हेही चूक.

परिभाषावाले 'गाभा' सुचवतात. गाभा गर्भापासून आला, तो केळीच्या खांबालाही असतो. कवच फोडून काढावं लागतं ही खूण त्यात नाही. बदामाचा, कलिंगडाच्या बियांचा असतो तो मगज! हा फारसी शब्द आपल्या 'मज्जे'चा सख्खा चुलतभाऊ. कुणी वापरणार नाही, तरी माझं मत मगजालाच.

खरी गंमत पुढे आहे. 'कॉर्न', लॅटिन 'ग्रानुम' आणि संस्कृत 'जीर्ण' यांचं मूळ एक मानतात: पिकलेलं, झिजलेलं. काही कोशकार इथे उगाच कचरतात; पिकणं आणि म्हातारं होणं एकच, हे आपल्या 'पिकल्या पाना'ला ठाऊक आहे. 'जीर्ण'चं जुळं रूप 'जूर्ण', त्याचं प्राकृतात 'जुण्ण', मराठीत 'जुना'. म्हणजे 'जुना कर्नल' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.

आणि पॅनिकवर उताराही बहुधा जुना कर्नलच. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर अपडेटनंतर 'अनएबल टु माउंट रूट एफएस' (मूळ डिस्क जोडता येत नाही) असं आलं, तर अनेकदा बूट विभाग (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) भरल्यानं नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल बनलेलीच नसते. मूळ डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. सुरू होताना शिफ्ट (यूईएफआय असेल तर एस्केप) दाबून ग्रब या सुरुवातीच्या मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. मग 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' या आज्ञेनं जागा मोकळी करा. त्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' या आज्ञेला '-सी -के' आणि नव्या कर्नलचा पूर्ण आवृत्तिक्रमांक द्या. फाइल मुळात नसेल तर '-यू' (आहे ती फाइल अद्ययावत करणं) चालत नाही, तिथेच लोक अडकतात. शेवटी 'अपडेट-ग्रब' विसरू नका, नाहीतर फाइल बनूनही ग्रबला तिचा पत्ता नसतो.