जुन्या गाडीतलं इनबिल्ट नेव्हिगेशन चुकीचं दाखवतंय, सेटच बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की 2014 ची सेकंडहँड गाडी घेतली, स्क्रीनवरचा बाण रस्ता सोडून शेतातून चालतो, धाराशिव टाकलं तर सापडत नाही, तारीख कायच्या काय येते, आणि दुकानदार म्हणतोय सेट काढून अँड्रॉइडवाला बसवा. एवढ्यात पैसे घालू नका. माझी गाडी 2013 ची, सोलापुरातच फिरते, आणि हे सगळं मी बघितलंय. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

धाराशिवचं सोपं आहे. नकाशा जुना म्हणजे नावंही जुनी, उस्मानाबाद आणि औरंगाबाद ही नावं 2023 ला बदलली, तिकडे कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा 2014 मध्येच बदलले, तर जुनी नावं टाका, लगेच सापडतील.

बाण शेतात जातो ते नेमकं कुठं, ते बघा. मी केगाव-हत्तूर बायपासने जातो तेव्हा बाण मोकळ्या पडद्यावरून सरळ सरकत राहतो आणि आतली बाई सारखी यू टर्न घ्यायला सांगते, कारण नकाशात तो रस्ताच नाही. म्हणजे जीपीएस एकदम बरोबर, फक्त नकाशा जुना. पण सात रस्ता, विजापूर रोड अशा वर्षानुवर्षांच्या रस्त्यावरही बाण बाजूला पडत असेल तर मग सिग्नलची भानगड आहे.

माझं तसंच झालं होतं. सेटिंगमध्ये जीपीएसची माहिती दाखवणारं पान असतं, तिथं सॅटेलाइट फक्त 2 दिसायचे, जागा नीट कळायला किमान 4 लागतात. गॅरेजवाल्याने सेट गेला म्हणून सांगितलं. मला पटेना म्हणून आसरा चौकाच्या पुढे गाडी बाजूला घेऊन एकेक वस्तू काढत बसलो, लायटरच्या सॉकेटमधला डॅशकॅमचा स्वस्तातला चार्जर उपसला आणि मिनिटभरात 2 चे 8 झाले की हो! सॅटेलाइटचा सिग्नल फार क्षीण असतो, असल्या चार्जरची गडबडसुद्धा त्याला पुरते. काचेला मेटलवाली फिल्म असेल तरी तेच होतं.

बॅटरी नुकतीच बदलली असेल तर गाडी उघड्यावर, झाडाखाली किंवा पार्किंगमध्ये नाही, चालू ठेवून 15 मिनिटं उभी करा. सगळ्या सॅटेलाइटची पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, घाई केली की लोकांना वाटतं बिघाड आहे.

राहिली तारीख. जीपीएस आठवडे मोजतं आणि 1024 झाले की परत शून्यावर येतं, शेवटचं असं 6 एप्रिल 2019 च्या रात्री झालं. तुमची तारीख साधारण 19 वर्षं 7 महिने मागे असेल तर हेच कारण समजा, हाताने बदलली तरी परत तीच येते, सॉफ्टवेअर अपडेट असेल तरच जाते. रस्ता दाखवायला बहुतेक वेळा त्याने काही अडत नाही.

आणि एक, नकाशाचं एसडी कार्ड असेल तर फॉरमॅट अजिबात मारू नका. बऱ्याच गाड्यांत नकाशा त्याच कार्डाला बांधलेला असतो, दुसऱ्या कार्डावर कॉपी केला तर उघडत नाही. कार्ड काढून सोन्याच्या रंगाच्या पट्ट्या कोरड्या मऊ कपड्याने पुसा, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीच आहे, आणि परत बसवून सॅटेलाइट किती दिसतात ते इथं कळवा, मग पुढचं बघू.