बाग आडवी झाली तेव्हा मी नान्नजच्या माळावर गेलो

प्रश्न: वादळी पावसात आमची केळीची बाग आडवी झाली. घरात थांबवत नाही, शेतात पाय टाकवत नाही. सोलापूरजवळ एकटं जाऊन बसता येईल अशी एखादी जागा आहे का? आणि अशा वेळी घरच्यांना सोडून जाणं बरोबर आहे का?

उत्तर:

आधी एवढं उरकून घ्या. बागेचे फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं हलवू नका, आणि विमा उतरवला असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत जाऊ द्या. ते झालं की खुशाल जा. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

2014 ची गारपीट तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात कुठं ना कुठं गारा पडतच राहिल्या. आमचं गाव सोलापूर-बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडं. हा सगळा पट्टा द्राक्षाचा. सोनाका ही जात काढणारे नानासाहेब काळे नान्नजचेच, आणि आमच्या दोन एकरांतही सोनाकाच होती. मालात गोडी भरली होती, व्यापारी बाग बघून गेला होता, चार दिवसांत तोड सुरू होणार होती.

दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळंनिळं झालं. आधी वारा आला, मग पत्र्यावर एकेक गार आपटायला लागली, आणि मग घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. बाहेर आलो तर अंगण पांढरं झालेलं आणि बागेचा मांडव खाली बसलेला. लोखंडी अँगल गुडघ्यात मोडल्यासारखे वाकले होते, तारा एकमेकींत गुंतल्या होत्या. घड वेलीलाच होते, पण मणी फुटलेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाकून त्या मांडवाखाली शिरले आणि एक घड तळहातावर धरून तसेच बसून राहिले. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवसापासून वास सुटला. गोड आणि आंबूस. तो घरात शिरला, पांघरुणात शिरला. बागेत गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. पाहुणे भेटायला येत होते, मयताला येतात तसे, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत होतं. सोसायटीचं कर्ज किती, औषधांची उधारी किती, सगळे तेच विचारायचे. संध्याकाळी आई म्हणाली, "जा, माळाकडं जाऊन ये जरा. किती वेळ त्या तारांकडं बघत बसशील?"

माळ म्हणजे गावाच्या गायरानापासून सुरू होणारं गवत. त्याच्या पलीकडं माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचं कुंपण. 1979 साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर होतं, पुढं ते 1,222 वर आणलं. लहानपणी मी इथं शेरडं राखायला यायचो. मीटरभर उंचीचा तो माळढोक तेव्हा लांबून चालताना दिसायचा. आता अलीकडच्या गणनेत एखादा दिसला तरी बातमी होते. मुरमाड, चढउताराची जमीन, कुठं एखादी बाभळ, एखादी बोर, बाकी नजर जाईल तिथपर्यंत गवत. लोक याला पडीक म्हणतात आणि तिथं जेसीबी घालायची स्वप्नं बघतात. मला हा शब्द सहन होत नाही. पवन्या, मारवेल, कुसळी अशी चांगली गवतं आहेत तिथं, आणि त्यांच्यावर काळवीट जगतो, ससा जगतो, त्यांच्या मागं लांडगा जगतो.

गाडी लावून चालत गेलो. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की तीन दिवसांत पहिल्यांदाच मी काहीतरी धड बघत होतो. गवत एका बाजूला झोपलं होतं, पण उपटलं कुठंच नव्हतं. नंतर पायाशी एक मेलेला चंडोल दिसला. पंख अर्धवट उघडे, छातीची पिसं भिजून चिकटलेली. गारा माळावरही पडल्याच होत्या, लपायला जागा नसलेल्या पाखरांवर पडल्या होत्या. मी त्याच्याशेजारी बसलो आणि मला रडू फुटलं. घरी अण्णांसमोर ते येत नव्हतं. अर्धा तास तरी मी मोठ्यानं रडलो असेन. तिथं कुणी पाठीवर हात ठेवणारं नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं होतं.

मग हाताला चाळा म्हणून जमिनीवरचा कुसळांचा गुंता उचलला. कुसळी दिवाळीच्या आगेमागे पिकते आणि तिची गळलेली कुसळं पुढं महिनोन् महिने काळपट केसांच्या गुंत्यासारखी पडून असतात. एक कुसळ वेगळं काढलं. त्याची शेपटी सुंभासारखी पिळलेली असते. माझा तळहात ओला होता. त्यावर ते कुसळ हळूहळू फिरायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यानं टोकाचं अणकुचीदार बी मातीत घुसत जातं. लहानपणी आम्ही थुंकी लावून हा खेळ खेळायचो, पण त्या दिवशी मी तो किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. डोक्यातलं कर्ज, मांडव, व्यापारी, सगळं तेवढा वेळ थांबलं.

दिवस मावळताना भोवत्ये आले. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. एकेक जण गवताच्या शेंड्यांवरून तरंगत यायचा, दोन घिरट्या घ्यायचा आणि खाली उतरून दिसेनासा व्हायचा. मी सात मोजले. एवढ्या गारांतून हे कुठं आणि कसे वाचले, हा विचार करतच अंधार पडला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बरोबर आहे. मीही पळूनच गेलो होतो, ते नाकारत नाही. पण घरात थांबून मी कुणाच्या उपयोगाला येत नव्हतो. फक्त सांगून जा. न सांगता गेलात तर अशा दिवसांत घरच्यांच्या मनात काय काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे, त्यांना तो घोर लावू नका. आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावत असेल तर एकटे अजिबात जाऊ नका. भावाला, मित्राला बरोबर घ्या आणि त्याला ते बोलून दाखवा.

नान्नज सोलापूरपासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. अभयारण्याच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, बाहेरचं गायरानही भरपूर आहे. जून ते सप्टेंबरात गवतातून वाट सोडून फिरू नका. पाखरांची घरटी जमिनीवरच असतात आणि माळढोक तर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. विडी-सिगारेट नको, मार्चनंतर ठिणगी पुरते. पाण्याकाठी बरं वाटत असेल तर तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव आहे, किंवा भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. तिथल्या देवळात शके 940 चा मराठी शिलालेखही आहे. पण मला विचाराल तर मी माळच सांगेन.

आणि फुलपँट घालून जा, कुसळं लागणारच. त्या रात्री मी घरी आलो तर माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं रुतलेली होती. अण्णा ओट्यावर होते. तीन दिवस त्यांनी कशाला हात लावला नव्हता. त्यांनी मला खुणेनं जवळ बसवलं, चष्मा लावला आणि एकेक कुसळ ओढून काढायला लागले. निम्मी काढून झाल्यावर म्हणाले, "भोवत्ये आहेत का रं अजून?"

"सात होते," मी म्हणालो.

"उद्या मी पण येतो."